पिशवीची गाठ

“बाई, मला यातलं काही कळत नाही हो.”

परत म्हण. माझ्याकडे बघून म्हण.

बारावीला ज्या मुलीचा ताळेबंद पहिल्या खेपेला जुळायचा, आणि अकरा रुपयांचा फरक राहिला तर जी डबा न उघडता खतावणी चाळत बसायची, तिला कळत नाही? आज बेचाळीस माणसांचे पगार तुझ्या हातून निघतात. त्यांचे फॉर्म सोळा तू वेळेवर देतेस. कोणी गुंतवणुकीचे पुरावे द्यायला दोन दिवस उशीर केला तर त्याला समोर उभं करून झापतेस. तूच सांगितलंस मला. आणि स्वतःचे कागद? ते भाजीच्या पिशवीत कोंबलेस, वर दोन गाठी मारल्यास आणि माझ्या टेबलावर आणून ठेवलेस.

गाठी बघ तुझ्या. नखाने सुटणार नाहीत अशा आवळल्या आहेत. न कळणारा माणूस अशी गाठ मारत नाही. आत काय आहे ते ज्याला पक्कं ठाऊक असतं, तोच मारतो.

तेव्हा “कळत नाही” हे आधी मागे घे. तुला बघायचं नाही. हे कबूल कर, म्हणजे पुढे बोलता येईल.

“मन होत नव्हतं.” बरोबर. जून २०२४ मध्ये शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयातून तू बाहेर आलीस तेव्हा मी तुझ्याबरोबर होते. रिक्षात बसल्यावर तू घराचा पत्तासुद्धा नीट सांगू शकली नाहीस. म्हणून सहा महिने मी तुला एका शब्दाने विचारलं नाही. पण आज ११ ऑक्टोबर २०२५ आहे. सोळा महिने झाले. दुःखाला मुदत नसते हे मला मान्य आहे. विवरणपत्राला असते. पॉलिसीलाही असते. त्या तारखा तुझ्या मनाची वाट बघत थांबतात का?

आणि मन होत नव्हतं म्हणतेस, तर या सोळा महिन्यांत पडदे बदललेस, लेकीचा क्लास बदललास, ऑफिसात नवं सॉफ्टवेअर बसवून घेतलंस. तिथे मन झालं. फक्त या पिशवीपाशी आलं की घोडं पेंड खातं. का?

का ते मी सांगते. काल रात्री तू फोनवर पाठवलीस ती मेडिक्लेमची पॉलिसी मी छापून घेतली आहे. चष्मा लाव. दुसरं पान. विमाधारकांची यादी. पहिलं नाव त्याचं, नातं ‘स्वतः’. दुसरं नाव तुझं. पुढे काय छापलंय?

‘पत्नी’.

या पॉलिसीचं रिन्युअल डिसेंबर २०२४ मध्ये झालं. हुकूमनामा जूनमधला. म्हणजे कोर्टाने पती-पत्नी हे नातं संपवल्यावर सहा महिन्यांनी एका कागदावर तू परत पत्नी झालीस, आणि गप्प बसलीस. त्याने हप्ता भरला. त्याने आळसाने भरला की भलेपणाने, याच्याशी मला कर्तव्य नाही. मी तुला विचारतेय. तू काय केलंस? पीडीएफ उघडलीस, तो शब्द वाचलास आणि बंद केलीस. बरोबर ना? मग मघाशी चहा पिताना कुठल्या तोंडाने म्हणालीस, “बाई, मी आता पूर्ण माझ्या पायावर उभी आहे”?

फ्लोटर म्हणजे काय ते तुला शिकवायला नको. दहा लाखांचं एकच छत, त्याखाली तो, तू आणि लेक. छत्री त्याच्या हातात. प्रपोजर तो. घटस्फोटित बायको त्या कुटुंबाच्या व्याख्येत बसत नाही. विमा कंपनीला हे कळवायला हवं होतं आणि रिन्युअलला तुझं नाव वेगळं काढून घ्यायला हवं होतं. नाही केलंस. आता चुकीचं नातं लिहिलेल्या कागदावर तू उद्या दवाखान्यात जाणार, क्लेम मागणार, आणि कंपनीने एक प्रश्न विचारला की काय उत्तर देणार? “मन होत नव्हतं”?

आणि दवाखान्यात तुला जायचंच आहे. जुलैत सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी जानेवारीत ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगितलं. फायब्रॉइड. हे तू मला सांगितलंस चहाचा कप धुता धुता, पाठ करून. तिकडे त्याचं नोव्हेंबरात दुसरं लग्न. पॉलिसीची तारीख ९ डिसेंबर. या तीन गोष्टी एका ओळीत मांडायला काय लागतं? नवी बायको घरात आली की तो तिचं नाव घालणार. एका पॉलिसीत दोन पत्नी बसतात का? तुझं नाव निघणार. तुला कळवायची त्याच्यावर सक्तीही नाही. आणि जानेवारीत ऑपरेशनच्या टेबलावर जाताना तुझ्या हातात विम्याचा एक कागद नसेल.

“मग मी नवीन पॉलिसी घेईन की!” घेशील ना. कोऱ्या पाटीवर घेशील. पहिले ३० दिवस अपघात सोडून कशालाच संरक्षण नाही. फायब्रॉइड, हर्निया, मोतीबिंदू असल्या ठरावीक आजारांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबायचं. आधीपासून असलेल्या दुखण्यांना तीन वर्षांपर्यंत. २०२४ मध्ये विमा नियामकाने ही मुदत चार वर्षांवरून तीनवर आणली, पण तीन वर्षं म्हणजे छत्तीस महिने, आणि तुझं ऑपरेशन तीन महिन्यांवर आलंय. तुझी ही पॉलिसी २०१७ पासून अखंड चालू आहे. आठ वर्षांत या सगळ्या वाट बघण्याच्या मुदती तू भोगून संपवल्या आहेस. सलग पाच वर्षं झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, जुनी माहिती दिली नाही म्हणून कंपनी दावा नाकारू शकत नाही. तो टप्पाही तू ओलांडलायस. हे त्याचं देणं नाही, तुझ्या आठ वर्षांची कमाई आहे. ती तू गटारात ओतायला निघालीस. कशासाठी? एक पत्र लिहायचा कंटाळा आला म्हणून?

मार्ग आहे. आणि तो तुला माहीत आहे, कारण मागच्या वर्षी तुमच्या शिपायाला मुलाच्या पॉलिसीसाठी तूच तो दाखवलास. सध्याच्याच कंपनीला लिहायचं. हुकूमनाम्याची नक्कल जोडायची. मला आणि मुलीला या फ्लोटरमधून वेगळं काढून, सातत्य राखून, माझ्या नावाची स्वतंत्र पॉलिसी द्या, एवढं मागायचं. ते जमलं नाही तर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करायचं. झालेल्या मुदतींचं श्रेय तुझ्याबरोबर येतं, जुन्या विमा रकमेइतकं. पण नवी कंपनी तुझे कागद तपासून नाही म्हणू शकते, म्हणून दोन्ही अर्ज वेळ हातात असताना जायला हवेत. आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट दाबून ठेवायचा नाही. जशाच्या तसा जोडायचा.

पोर्टिंगच्या अर्जाची वेळ तुझ्याच पॉलिसीत छापली आहे. मी खूण केली आहे. रिन्युअलच्या निदान ४५ दिवस आधी. ९ डिसेंबरच्या ४५ दिवस आधी कोणती तारीख येते? बोटं मोजू नकोस, तुला येतं तोंडी. २५ ऑक्टोबर. आणि मघाशी दारात पाऊल टाकतानाच काय म्हणालीस? “भाऊबीज झाली की बसू या निवांत.” भाऊबीज २३ ला आहे. म्हणजे चौदा दिवसांतले बारा दिवस तू चकल्यांना दिलेस आणि आठ वर्षांना दोन.

“पण बाई, नंतर ३० दिवसांची सवलत असते ना?” बघ, कळतंय की सगळं! असते. त्या तीस दिवसांत हप्ता भरला तर पॉलिसीचं सातत्य तुटत नाही. पण वर्षाचा हप्ता एकदम भरायची पॉलिसी आहे तुझी. मधल्या दिवसांत आजारपण आलं तर ते झाकलं जात नाही. आणि तो हप्ता कोणाच्या नावाचा? त्याच्या. तू तुझ्या जिवाची सवलत त्याच्या आठवणीवर ठेवणार आहेस का?

हप्ता परवडणार नाही, हेही सांगू नकोस. २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. महिना नाही झाला अजून. तो बहाणा होता तेवढाही गेला.

आता लेकीच्या डेंग्यूबद्दल बोलू. ऑगस्टमध्ये चार दिवस ती सलाईनवर होती. बिल ६४ हजार. तू कार्डावर भरलंस आणि क्लेम केलाच नाहीस. विचारलं तर मान ताठ करून म्हणालीस, “मी त्याच्यापुढे हात पसरणार नाही.” तेव्हा मला क्षणभर वाटलं, पोरगी स्वाभिमानी आहे. मग खोदून विचारलं. क्लेमच्या फॉर्मवर प्रपोजरची सही लागते. पैसे प्रपोजरच्या खात्यात जमा होतात. म्हणजे त्याला फोन करावा लागला असता. ठीक. पण मुलीचं नाव तुझ्या ऑफिसच्या ग्रुप मेडिक्लेममध्येही आहे. तिथे तर त्याची सही नको होती. तिथे का नाही मागितलेस?

बोल ना.

तू बोलणार नाहीस, मीच बोलते. कारण तिथे फाईल उघडली असती. ऑफिसच्या यादीत तुझ्या नावापुढे अजून ‘विवाहित’ आहे आणि जोडीदार म्हणून त्याचं नाव आहे. एचआरला तू सांगितलेलंच नाहीस. हे ऐकल्यापासून माझा चहा कडू झालाय. त्याच्या पॉलिसीत तू पत्नी आणि तुझ्या पॉलिसीत तो पती! कोर्टाने केलेली फारकत तुम्ही दोघांनी मिळून विमा कंपन्यांपासून लपवून ठेवली आहे. त्याचं मला माहीत नाही, पण तू हिशेबनीस आहेस. जो माणूस त्या यादीत असायला नको त्याच्यासाठी तुझी कंपनी हप्ता भरते आणि तो खर्च तू स्वतःच्या हाताने वहीत चढवतेस. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर तू त्याला सोडलं असतंस का? सोमवारी ऑफिसात गेल्यावर पहिलं काम हे. आधी चहासुद्धा नाही.

आणि ६४ हजारांना स्वाभिमान म्हणू नकोस. ती भीती आहे. लोक विचारतील ही भीती. भीतीला भीती म्हटलं की तिचं काहीतरी करता येतं. स्वाभिमान म्हटलं की तिची पूजा सुरू होते.

करांचं काय? तिथे तर तू कहर केलायस.

यंदा सरकारने विवरणपत्राची ३१ जुलैची तारीख १५ सप्टेंबरवर नेली. वर आणखी एक दिवस दिला. दीड महिना फुकट मिळाला तुला. ऑफिसातल्या सगळ्यांना आठवणीचे मेसेज तू पाठवलेस. स्वतःचं भरलं नाहीस. आता ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं भरता येईल, ५,००० रुपये विलंब शुल्क देऊन, थकलेल्या करावर दरमहा एक टक्का व्याज देऊन. पण खरा फटका तो नाही, आणि हे तुला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. मुदतीनंतरच्या विवरणपत्रात जुनी करप्रणाली निवडता येत नाही. मागच्या आर्थिक वर्षात तू पीपीएफ भरलास, घरभाड्याच्या पावत्या जपल्यास, ऑफिसात जुनी प्रणाली धरून कर कापून घेतलास. ते सगळं एका तारखेने मातीत गेलं.

त्या वजावटींतला आरोग्य विम्याचा हप्ता कोणाचा होता? सासूबाईंचा. दर वर्षी तू भरतेस. नातं तुटल्यावरही भरलास. त्या माउलीने तुझ्या बाळंतपणात तुझं डोकं मांडीवर घेतलं होतं, ते तू विसरली नाहीस, हे मला आवडलं. भर. मनापासून भर, त्या आहेत तोवर भर. पण ८०डी मध्ये आई-वडील म्हणजे स्वतःचे. सासू-सासरे लग्न टिकलेलं असतानाही त्यात बसत नव्हते. ही माया आहे, वजावट नाही. दोन्ही एका रकान्यात घालू नकोस.

आता पोटगी. तुझ्या डोक्यात एकच वाक्य घट्ट बसलंय, “पोटगीला कर नसतो.” कोणी सांगितलं? मावशीने. तू मावशीला विचारलंस! एकरकमी १५ लाख मिळाले, ती भांडवली रक्कम, तिच्यावर कर नाही. इथवर मावशी बरोबर. पण दरमहा येणारे २० हजार? दरमहा ठरवून मिळणारी पोटगी हे उत्पन्न आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने ऐंशीच्या दशकातच सांगून ठेवलंय, प्रतापगडच्या राजकुमारींच्या खटल्यात. त्याला त्या पैशाची वजावट मिळत नाही म्हणून तुला माफी, असं कुठे लिहिलेलं नाही. आणि १५ लाख ठेवीत टाकलेस, त्याचं सात टक्क्यांनी वर्षाला १,०५,००० व्याज येतं. मूळ रकमेला कर नाही म्हणून व्याजालाही नाही? हे गणित कोणत्या बाईंनी शिकवलं तुला? मी तर नाही शिकवलं.

“यंदा बारा लाखांपर्यंत करच नाही, बाई.” घे कागद. लिही. वर्षाचा पगार साडेअकरा लाख. त्यातून ७५ हजार प्रमाणित वजावट. राहिले पावणेअकरा. ऑफिसने तेवढंच बघितलं आणि तुझा कर शून्य धरला. आता पोटगीचे २,४०,००० घाल. व्याजाचे १,०५,००० घाल. बेरीज? १४,२०,०००. बारा लाखांची ती सवलत गेली. पहिल्या चार लाखांना काही नाही. पुढच्या चार लाखांचे २० हजार. त्यापुढच्या चार लाखांचे ४० हजार. वरच्या २,२०,००० वर पंधरा टक्क्यांनी ३३ हजार. झाले ९३ हजार. चार टक्के सेस. ९६,७२०. बँक व्याजावर साडेदहा हजार कापेल. उरले ८६,२२०.

शून्य म्हणत होतीस ना? शहाऐंशी हजार दोनशे वीस.

दहा हजारांच्या वर देणं असेल तर आगाऊ कर भरायचा. १५ जूनचा हप्ता गेला. १५ सप्टेंबरचा गेला. दोन्हींवर व्याज चढलं. १५ डिसेंबरला तीन चतुर्थांश व्हायला हवा, म्हणजे ६४,६६५. पगारावर टीडीएस कापला जातो म्हणून आगाऊ कर आपल्याला नसतो, असं नोकरी करणाऱ्याला वाटतं. पण पोटगीवर कोण कापणार? तिथे तुझी तूच.

मुलीच्या नावाची ठेव त्यानेच उघडली होती. लग्न टिकलेलं असताना तिचं व्याज ज्या पालकाचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिसळायचं, म्हणजे त्याच्यात. आता लग्न उरलेलं नाही. मुलगी ज्याच्या सांभाळात, व्याज त्याच्या उत्पन्नात. तुझ्या. तेही वरच्या बेरजेत यायचंय.

आणि ती संयुक्त ठेव? पैसे त्याचे, व्याज त्याच्या खात्यात, पण पहिलं नाव तुझं आणि पॅन तुझा. वर्षानुवर्षं ते व्याज तुझ्या वार्षिक माहितीच्या विवरणात दिसतंय. खातं तोडून घ्या किंवा नावांचा क्रम बदला, एवढं बँकेला सांगायचं होतं. पोर्टलवर त्या नोंदीपुढे ‘ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे’ असं कळवता येतं. तू कळवलं नाहीस. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. तू तर डोळस असून दळतेस.

हे काही तुला नवीन नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या आदेशापासून पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तुझं तू स्वतः टाईप केलंस, वकिलाच्या कारकुनाला हात लावू दिला नाहीस. प्रत्येक ठेव, प्रत्येक पॉलिसी, खाते क्रमांकासकट. जगाला दाखवायची वेळ आली तेव्हा सगळं चोख होतं. स्वतःसाठी करायची वेळ आली आणि तुला काही कळेनासं झालं!

आता जे विचारणार आहे त्याचं उत्तर खरं दे. विवरणपत्र का नाही भरलंस? मन, वेळ, ऑफिस, मुलीची परीक्षा, सगळं ऐकून झालंय. खरं कारण सांग.

ओटीपी.

पोर्टलवर मोबाईल नंबर त्याचा आहे. ई-मेल त्याचा आहे. लग्नानंतर पहिलं विवरणपत्र त्याने भरून दिलं होतं, तेव्हापासून. लॉग-इनचा निरोप त्याच्या फोनवर वाजणार, त्याला फोन करून सहा आकडे मागावे लागणार, आणि तो नुसतं “सांगतो” म्हणाला तरी तुला रडू फुटणार. म्हणून सोळा महिने तू ते पान उघडलं नाहीस.

रड. मी थांबते.

झालं? आता ऐक. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण यात अडकण्यासारखंही काही नाही. पासवर्ड विसरल्यावर तो आधारच्या ओटीपीने बदलता येतो. आधारला जोडलेला नंबर कोणाचा? तुझा. नेटबँकिंगमधूनही आत जाता येतं. आत गेलं की प्रोफाईलमध्ये तुझा नंबर, तुझा मेल घालायचा. परताव्यासाठी जे संयुक्त खातं नोंदवलंय ते काढून तुझं एकटीचं घालायचं. अर्धा तास. तुमच्या ऑफिसातल्या त्या रिटायर व्हायला आलेल्या स्टोअरकीपरला तू हेच करून दिलंस, जेवणाच्या सुट्टीत. अर्ध्या तासाच्या कामाआड तू सोळा महिने लपलीस. त्या सोळा महिन्यांत आयकर खात्याचं तुझ्या नावाचं प्रत्येक पत्र त्याच्या फोनवर गेलं. तुझ्या कमाईची खबर तुझ्याआधी त्याला. याला फारकत म्हणतेस?

नवरा नको होता. मग त्याचा नंबर कशाला ठेवलास? संसार मोडायला तू डगमगली नाहीस, माहेरचे विरोधात गेले तरी डगमगली नाहीस. वकिलाने दोनदा चुकीची अट घातली ती तू खोडून काढलीस. ती बाई कुठे गेली? तिला बोलाव. मला तिच्याशी बोलायचंय. ही जी समोर बसून पदराचं टोक पिळतेय, हिला मी ओळखत नाही.

घराचं आज काढत नाही. त्याच्या अर्ध्या हिश्शाचं बक्षीसपत्र लग्न असताना झालं असतं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये होतं. पत्नीला. तू आता पत्नी नाहीस, आणि प्राप्तिकराच्या नातेवाइकांच्या यादीतही तुम्ही एकमेकांचे कोणी नाही. त्या कामाला चांगला वकील आणि चांगला सीए दोन्ही लागतील. दिवाळीनंतर. ते चालेल.

पीएफचा नॉमिनीही अजून तोच आहे, हे तू सांगितलं नाहीस. मी ओळखलं. चूक आहे का? नाही ना.

तुला वाटत असेल, बाई आज फारच लागट बोलल्या. बोलले. दुसरी कोणी असती तर मी चहा देऊन, पाठीवर हात फिरवून, एखाद्या सीएचा नंबर देऊन वाटेला लावलं असतं. जिला येत नाही तिला मी कधी रागावले नाही, वर्गातसुद्धा नाही. तुझ्या बाकावर शेजारी बसायची तिला जमाखर्चाची बाजू चौथ्यांदा उलटी लिहिली तरी मी पाचव्यांदा समजावलं. तुला मात्र एका खाडाखोडीसाठी उभं केलं होतं. आठवतं? तेव्हाही तू रडलीस. आणि दुसऱ्या दिवशी वही कोरी करकरीत लिहून आणलीस.

चल. संध्याकाळचे साडेचार वाजलेत. लेक आजीकडे आहे, आठपर्यंत येणार नाही, हेही तूच सांगितलंस. साडेतीन तास आहेत. आधी पोर्टलचा नंबर बदलायचा, माझ्यासमोर. मग विमा कंपनीचं पत्र. मसुदा मी सांगणार नाही, तू लिहायचास, मी फक्त तारखा तपासेन. नक्कल पिशवीत आहे ना? तळाशी असेल. ती काढायला वरचे सगळे कागद बाहेर येतील. येऊ देत.

कात्री मागू नकोस. कात्रीने कापलीस तर पिशवी फाटेल. बस इथे उजेडाला, आणि बोटांनी सोड ती गाठ.

सुटली? पहिला कागद काढ. तारीख वाच. मोठ्याने.